पिराप्पाची पोखरलेली गाडी

सकाळी गिरणीचं शटर वर करावं, तर समोरून पिराप्पा निघालेलाच असतो. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात लाकूड, गळ्यात सुतळीत ओवलेले, आकार ताडून बघायचे पुठ्ठ्याचे छाप. मी पहिलं ज्वारीचं दळण टाकेपर्यंत तो कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत येतो, आणि दळण डब्यात पडेपर्यंत पुन्हा गेलेलाही असतो. दिवसभर हेच. बिदरजवळच्या नौबादमधल्या आमच्या गल्लीत लाकडाचे छिलके पडलेले दिसले की समजायचं, इथून पिराप्पा गेला. मी एका जागी बसून काम करणारा माणूस. डोळ्यांसमोर कुणी अशा येरझारा घालायला लागलं की माझं डोकं उठतं. कितीदा तरी ओरडलो असेन, "अरे बाबा, घटकाभर बूड टेक की!"

"बसलो की हात चालत न्हाई, उद्धवअण्णा," तो चालता चालताच म्हणतो, आणि मी पुढचं काही बोलायच्या आत टाकीपाशी पोचलेला असतो.

हे त्याचं नाटक असतं तर मी केव्हाच उघडं पाडलं असतं. पण ते नाटक नव्हे. पिराप्पाचा जन्मच मेंढरांमागचा. त्याचा बाप काशप्पा भालकी तालुक्यातल्या मेहकरचा. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड कळपाबरोबर निघायचं ते पाऊस पडेपर्यंत चालतच राहायचं. चालताना हात रिकामे ठेवायचे नाहीत ही त्यांची रीत. कुणी लोकर कातत चालायचं, कुणी दोऱ्या वळत. पिराप्पाला लहानपणीच चाकू सापडला, तो लाकूड कोरत चालायला शिकला. नजर मेंढरांवर, लाकूड हातात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही हे तो अजूनही बघत नाही, अंगठ्याने चाचपतो. पुढे चराईची रानं गेली, मेंढरं विकली, बिऱ्हाड नौबादला आलं. इथे एका फर्निचरवाल्याने त्याला कामाला ठेवलं आणि टेबलापुढे उभं केलं. महिनाभरही टिकला नाही. मालक म्हणाला, हा माणूस हुशार आहे, पण माझ्या दुकानात फिरायला तेवढी जागा नाही.

मग त्याला शिवशंकर भेटला. हा मूळचा भालकीचा, आता हैदराबादला विजेच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं त्याचं दुकान आहे. आमच्या गल्लीत पाहुण्यांच्या लग्नाला आला होता. वरात चाललेली, बँड वाजतोय, आणि त्या गर्दीतून उलट्या दिशेने एक माणूस लाकडी टेम्पो कोरत शांतपणे चाललाय. शिवशंकर नवरदेवाला सोडून त्याच्या मागे गेला.

शिवशंकरला एक वेड होतं. दुकानाच्या मागच्या गोदामात त्याने खेळण्यातल्या मोटारींचा रस्ता बांधला होता. फळ्यांचा, वळणावळणाचा, खोलीभर. रस्त्यात खाच पाडलेली, खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी, पट्टीत वीज. वीतभर लांबीच्या गाडीच्या पोटाखाली एक जीभ असते, ती खाचेत बसते. हातातला खटका दाबला की गाडी पळते, जास्त दाबला की वळणावर खाचेतून निसटून भिरकावते. दर काही आठवड्यांनी पाच-दहा मित्र जमतात आणि मोठी माणसं पोरांसारखी ओरडतात. या गाड्यांना त्याला जुन्या मोटारींचे आकार हवे होते, तसे बाजारात मिळत नव्हते. त्याने चारी बाजूंचे फोटो दिले, पुठ्ठ्याचे छाप कापून दिले आणि शिवणीच्या लाकडाचे ठोकळे पाठवायला लागला. जाताना बजावून सांगितलं, "पिराप्पा, आतून पोखरायचं न्हाई. भरीव ठेवायचं."

"व्हय," पिराप्पा म्हणाला. आणि शिवशंकरची पाठ वळली की मला म्हणाला, "मोटारी गुंडाळणाऱ्याला चालायचं काय कळतंय?"

काशप्पाने पोराला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. बिऱ्हाडातली जी चीज चालणार, ती हलकी करायची. त्यांच्या घरातली काठवट खरवडून खरवडून इतकी पातळ केलेली की बोटाने टिचकी मारली तर वाजायची. पाळण्याचे दांडे तासलेले, देवाची पेटीसुद्धा आतून कोरून घेतलेली. कारण सगळं खांद्यावर नाहीतर घोड्यावर जायचं, आणि जड चीज म्हणजे संध्याकाळी कुणाची तरी पाठ गेली. अशा घरात वाढलेल्या माणसाला सांगायचं, पळणारी गाडी भरीव कर! त्याच्या कानाला ते शिवीसारखं लागलं.

म्हणून पिराप्पा प्रत्येक गाडी खालून पोखरायचा. तेवढं काम त्याला चालता चालता जमायचं नाही. माझ्या गिरणीच्या मागच्या पायरीवर उकिडवा बसून वाकड्या पटाशीने आतलं लाकूड काढायचा, आणि तेव्हाही त्याचे पाय जागच्या जागी हलत असायचे. आत पोकळी झाली की खालून पातळ फळी चिकटवायची, घासून सांधा मिटवून टाकायचा. हातात घेतलेल्याला वाटावं, अखंड लाकूड आहे. वजन कमी लागलं तरी शिवशंकरला शंका आली नाही. शिवण मुळातच हलकी.

गाडी बसने जायची. थोड्या दिवसांनी शिवशंकर व्हिडिओ पाठवायचा. पिराप्पाचा फोन साधा, म्हणून तो माझ्या फोनवर यायचा. लाल रंगाचं काहीतरी सर्रकन जायचं आणि संपायचं. पिराप्पा म्हणायचा, "परत लावा." परत लावला तरी तेवढंच. "ह्येच्यात काय दिसंना, अण्णा. एकदा डोळ्यानं बगाय पायजे." कितीतरी गाड्या कोरल्या या माणसाने, पण त्याची एकही गाडी त्याने पळताना बघितली नव्हती. जायला निघाला होता एकदा. बसमध्ये बसवलं, जहीराबादपर्यंत कसाबसा दम काढला, तिथे उतरला आणि चालत परत आला.

गेल्या वर्षापासून मात्र फोन वेगळे यायला लागले. "पिराप्पा, ही पण तडकली." पिराप्पाचा हिशेब सरळ होता. गाडी जड झाली असणार, म्हणून वळणावर भिरकावली आणि फरशीवर आपटली. म्हणजे पुढची आणखी हलकी हवी. पुढची आणखी पोखरली. ती आणखी लवकर तडकली. मग त्याहून हलकी. मी गिरणीवाला, मलाही ते पटायचं. आम्ही दोघे शहाणे पायरीवर त्या लाकडाला टिचक्या मारून आवाज ऐकायचो आणि माना हलवायचो.

येळवस, मार्गशीर्ष अमावस्येचा आमचा रानातला सण, तोंडावर आली असताना शिवशंकरचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. तो चिडलेला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. म्हणाला, "पिराप्पा, येळवस झाल्यावरच्या ऐतवारी मोटी शर्यत ठेवलोय. ही एक गाडी बगू. ही तडकली तर पुढच्या मशीनवर काढून घेऊ. कॉम्प्युटरवर चित्र टाकलं की मशीनच करून द्यायलंय आता. दोस्त लोक कवापासून मागं लागलेत."

पिराप्पा उभा होता तिथून हलला नाही. त्याला असा उभा मी कधी बघितला नव्हता. "कामून घाबरायलास?" मी म्हणालो. "दुसरं काम बघू. चौकटी कर, पाळणे कर."

"पाळणा कोरत चालता येतंय व्हय?" तो म्हणाला. मग हळू आवाजात, "अण्णा, हातात लाकूड हाय तवर लोक मनतेत, पिराप्पा काम करायलाय. लाकूड गेलं तरी मी चालणारच. मंग काय मनतील? येडा मनतील."

त्याची बायको रेणुकाबाई दळण घेऊन आलेली, दारातच उभी होती. एरवी ती माझ्यापाशी नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगून हसायची, की भाकर हातात घेऊन अंगणात फिरत जेवतेत म्हणून. त्या दिवशी दळणाचा डबा ठेवला आणि निघून गेली.

ती शेवटची गाडी त्याने कशी कोरली ते बघवत नव्हतं. पूर्वी टाकीपर्यंत जायचा, आता पार मोठ्या रस्त्यापर्यंत. उन्हात, वाऱ्यात, कुणी हाक मारली तरी ओ नाही. येळवशीला सगळी गल्ली रानात गेली, भज्जी-आंबिलीचं जेवण करून लोळली, आणि हा ज्वारीच्या बांधावरून गाडी कोरत फिरतोय. आकार मात्र असा उतरला की मी गिरणी बंद करून बघत बसलो. मागच्या चाकावरचा फुगवटा हरणाच्या मांडीसारखा होता. पोखरतानाही त्याने कमाल केली. फळी चिकटवायच्या आधी मी आत बोट घातलं तर बाहेरच्या उजेडाची लाली बोटावर दिसत होती, इतकं पातळ.

"ही मी बसनं पाठवणार न्हाई," तो म्हणाला. "मी घेऊन जाणार. तुमी चला."

"मी कामून?"

"मी मदीच उतराय लागलो तर धरायला."

आणि मी गेलो. माझ्या पायांना कुठे जायचा कंटाळा आहे हे सगळं बिदर सांगेल, तरी गेलो. बसमध्ये पिराप्पा दाराजवळच्या दांड्याला धरून उभा. कंडक्टर "बैठो, बैठो" म्हणून थकला. जहीराबाद आलं तेव्हा मी त्याच्या शर्टाचं टोक पकडलं, बस हलेपर्यंत सोडलं नाही. त्यापुढे तो दर थांब्याला खाली उतरून बसभोवती एक चक्कर मारायचा, आणि मी खिडकीतून आरडाओरड करायचो. हैदराबाद येईपर्यंत माझा घसा बसला.

गोदामात शिवशंकरने आमचं हसून स्वागत केलं. मित्र जमले होते, रस्ता तयार होता. शर्यतीआधी सराव चालला होता. पिराप्पाने आत पाऊल टाकलं तेव्हाच एक निळी गाडी समोरच्या वळणावरून आली. तो कुजबुजला, "माजी." मला विचाराल तर मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. पण त्याने आपल्या अंगठ्याची रेघ ओळखली. गाडी खोलीभर फिरत होती आणि पिराप्पा रस्त्याच्या कडेने तिच्याबरोबर चालत होता, लोकांच्या पोटांना धक्के देत, तोंड उघडं टाकून. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मला इतका आनंद झाला की बसमधला सगळा वैताग मी विसरलो.

गाडी थांबली. शिवशंकरने ती उचलून त्याच्या हातात दिली. पिराप्पाने ती घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने टिचकी मारली. आवाज आला नाही. अंगठ्याने दाबलं तर छत आत गेलं आणि सोडल्यावर पुन्हा वर आलं.

"लाकूड कुठाय?"

"लाकूड तिकडं," शिवशंकर म्हणाला आणि भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. "त्ये कशाला पळंल? त्येच्यावर प्लॅस्टिकची शीट तापवून टाकायची. लाकूड ह्या भोकं पाडलेल्या पेटीवर ठेवायचं, खालून मशीननं हवा ओढायची. शीट लाकडाला चिकटती. मंग काढायची, कापायची, आतून रंग मारायचा. एकाच लाकडावर पायजे तेवढ्या गाड्या निघतेत. तुमाला ठाऊक न्हवतं?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारावं असं कधी वाटलंच नव्हतं. फळीवर पिराप्पाच्या गाड्या ओळीने होत्या. जुन्या, थोड्याच पोखरलेल्या, साबूत. नंतरच्या सगळ्यांच्या छताला चिरा गेलेल्या; शिवशंकर समजत होता, शीटच्या उष्णतेने. त्या कुठल्या वळणावर पडल्या नव्हत्या. हवेने ओढल्या तेव्हा आत भरीव काही नसल्यामुळे दबून तडकल्या होत्या. पळण्यासाठी हलकं करून करून त्याने एका जागी बसणारी चीज कमजोर केली होती, आणि मी शेजारी बसून टिचक्या मारल्या होत्या. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शिवशंकरने नवी गाडी पिराप्पाच्या पिशवीतून काढून घेतली. "अबब, काय आकार काढलाय!" म्हणत पेटीवर ठेवली आणि शीट तापवायला गेला. पिराप्पाने झडप घालून ती परत उचलली.

"थांबा. ही पोकळ हाय."

"काय?"

"समद्याच पोकळ होत्या."

शिवशंकरचं तोंड लाल झालं. "भरीव ठेव मनलो होतो न्हवं मी? पैल्या दिवशी मनलो होतो!"

"पळणाऱ्या चीजंला भरीव कोण करतंय, सावकार?" पिराप्पा जवळजवळ ओरडला. हा त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मला वाटलं हीच पळतीय. दर खेपंला वाटलं हीच पळतीय!"

शिवशंकरने फळीवरच्या तडकलेल्या गाड्यांकडे बघितलं. मग जरा नरमून म्हणाला, "बरं. आत भुगा आन गोंद भरू. वाळला की भरीव होईल. नुकसान काय न्हाई." खरंच होतं ते. फळी काढायची, भरायची, गाडी वाचली असती, पिराप्पाचं कामही वाचलं असतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, दे बाबा, देऊन टाक.

पिराप्पा खोलीत फेऱ्या मारायला लागला. गाडी छातीशी. शेवटी थांबला तो रस्त्यापाशी. "एकदा हिलाच पळवा."

"लाकडाची? पडंल, फुटंल. फुटली तर माज्यापाशी शर्यतीला गाडी न्हाई, आन तुज्यापाशी काम न्हाई. कळालं का?"

"कळालं. पळवा."

त्याने खालची फळी पटाशीने स्वतःच उचकटली. शिवशंकरने गाडी हातावर तोलली. "ही तर शीटच्या बरोबरीची हाय," तो म्हणाला. निळ्या गाडीचा मोटार बसवलेला सांगाडा त्याने काढून दोन टाचण्यांनी आणि चिकटपट्टीने लाकडाला जोडला, खाचेत ठेवला. खटका पिराप्पाच्या हातात दिला. पिराप्पाने दाबला.

गाडी पळाली. रंग नाही, काचा नाहीत, पिवळ्या लाकडाची उघडी गाडी, आणि काय पळाली! पोकळ पोटात मोटारीचा आवाज घुमत होता, प्लॅस्टिकच्या गाड्यांसारखा चिरका नव्हे, भरदार. मित्रमंडळी खुर्च्यांवर चढली. पिराप्पा जिथे उभा होता तिथेच उभा होता. फक्त मान फिरत होती, गाडीमागे. त्याला म्हणावं हळू, पण म्हणणार कोण, मीच ओरडत होतो, "दाब! दाब!" त्याने दाबला. लांब वळणावर गाडी खाचेतून उठली, भिंतीवर आदळली आणि फरशीवर तिच्या ठिकऱ्या झाल्या.

पिराप्पाने तुकडे गोळा केले, खिशात घातले आणि माझ्याकडे आला.

"अण्णा, पळली न्हवं?"

"पळली रे. समद्यांनी बगितली."

"मंग झालं." तो शिवशंकरकडे वळला. "सावकार, मशीन आणायचं तर आणा. पर आज एक लाकूड द्या. शर्यतीच्या आदी भरीव करून देतो."

शिवशंकर मागे जाऊन शिवणीचा ठोकळा घेऊन आला. पिराप्पाने गळ्यातले छाप सारखे केले, चाकू काढला आणि दारातून बाहेर पडला. मी मागे धावलो. परका गाव, अरुंद गल्ली, स्कूटर आणि माणसं. पिराप्पा त्या गर्दीतून येरझारा घालायला लागला. लोक वळून बघत होते, एकाने शेजाऱ्याला कोपर मारून दाखवलं. एका दारात बसलेल्या बुरख्यातल्या म्हातारीने त्याला अडवलंच.

"क्या बना रै बाबा?"

"गाडी, अम्मा."

"चलती क्या?"

"पैलेवाली चली. ये नई चलती," पिराप्पा म्हणाला. "ये बैठने की है."

म्हातारीने मान डोलावली आणि पाय आत ओढून त्याला वाट करून दिली.